कोरा रकाना

१

मष्णू हमालाने भुकटीच्या गड्ड्यावर लाकडी मोगरी हाणली आणि तवनाप्पा शिरगाव्यांच्या वखारीचे पत्रे थरथरले. बाजारातली माणसं धावत आली तेव्हा पोतं भडाभडा जळत होतं, मोगरीचा दांडा आढ्यात जाऊन अडकला होता आणि मष्णू दोन्ही हातांनी तोंड झाकून दारात बसला होता. जीव वाचला. पण चेहरा भाजून निघाला होता, आणि डोळ्यांबद्दल दवाखान्यातले डॉक्टर अजून काही बोलत नव्हते.

१९३७ सालचा फाल्गुन. निपाणीच्या आसपास तंबाखूच्या मुळांवर बंबाखू नावाचं तण येतं. त्याला धड पान नाही की हिरवा रंग नाही, पण पिकाचा सगळा रस ते शोषून घेतं. तंबाखू निघाल्यावर रिकाम्या रानात पसरायची म्हणून मुंबईच्या एका कंपनीने त्यावर नवी भुकटी काढली होती आणि तवनाप्पांनी तिची चाळीस पोती मागवली होती. मुंबईच्या दमट हवेत तिचे गड्डे झाले होते. ते फोडूनच भुकटी विकावी लागे.

भुकटीबरोबर एक दाखला आला होता. तवनाप्पांनी तो गल्ल्याच्या मागे खिळ्याला अडकवला होता. 'नमुन्याची ठोका, घासणी व उष्णता या तिन्ही रीतींनी परीक्षा केली. स्फोटक गुण आढळला नाही. हेरेकर तपासणीशाळा, बेळगाव.'

फौजदारांनी तो दाखला वाचला, वखारीत चक्कर मारली आणि कोपऱ्यात गंधकाची सहा पोती पाहिली. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला. बेळगावात तपासली ती भुकटी निर्धोक होती. इथे उडाली तिला गंधकाचा वास येत होता. मग मधे गंधक मिसळलं कुणी? संध्याकाळच्या आत तवनाप्पा चौकीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भेटायला आण्णासाहेब मगदूम आले. आण्णासाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले तारमास्तर. हुबळी आणि बेळगाव मिळून छत्तीस वर्षं त्यांनी तारयंत्राच्या कटकटीतून इंग्रजी अक्षरं ऐकली होती. हरवलेली वस्तू आणि लपवलेली गोष्ट शोधण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही असं गावात म्हणत. तवनाप्पा आणि ते एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेले.

"आण्णा, मी गंधक मिसळलं न्हाय," तवनाप्पा म्हणाले.

"मग कुणी मिसळलं?"

"ते तू बघ. नुसती टकटक ऐकून तुला पलीकडचा माणूस कळायचा म्हणं. हितं तर मी समोर बसलोय."

आण्णासाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "उरलेली पोती कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"एकोणतीस वखारीत. दहा रानोमाळ गेली. सदलगा, आकोळ, गळतगा. आणि खानापूरकडच्या येका व्यापाऱ्यानं थेट मुंबईस्नं ऐंशी मागवल्यात."

"आणि समदी माणसं गड्डं मोगरीनंच फोडत असतील."

"दुसरं कशानं फोडणार?"

२

आण्णासाहेब वखारीत गेले तेव्हा कंपनीचा एजंट सदाशिव निंबर्गी तिथे आधीच आला होता. टोपी हातात, कपाळाला घाम. मष्णूची बायको बाळाबाई नवऱ्याचं पागोटं आणि वहाणा न्यायला आली होती. ती त्याला काहीबाही विचारत होती आणि तो उत्तर टाळत होता.

"बाळाबाई, मष्णू शुद्धीवर हाय न्हवं?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"हाय. पर बोलू देत न्हाईत. तोंडाला समदी पट्टी." ती निंबर्ग्याकडे वळली. "ह्ये म्हणत्यात, मालात खोट न्हाय. मग माझ्या दादल्याच्या हातात खोट हुती व्हय?"

निंबर्गी म्हणाला, "बाई, नमुना मी माझ्या हातानं याच गटातल्या पोत्यातून काढला. बेळगावला नेऊन दिला. तिथं तपासला. त्यापुढं माझं काय काम?"

"भुकटीत काय काय घालतात?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"ते कंपनीचं गुपित आहे. मलाही सांगत नाहीत."

आण्णासाहेबांनी पोत्यांची तोंडं पाहिली. प्रत्येकाला सुतळी आणि शिशाची मोहोर. शिसं एकदा दाबलं की पुन्हा उघडून तसंच दाबता येत नाही, खूण दुहेरी उमटते. त्यांनी खिशातलं भिंग काढून एकोणतीसच्या एकोणतीस मोहोरा पाहिल्या. सगळ्या एकेरी होत्या. मग फौजदारांना बोलावून त्यांच्यादेखत एक पोतं उघडायला लावलं. आतली भुकटी पिवळट होती. फौजदारांनी चिमूटभर नाकाशी नेली आणि मान मागे घेतली.

"गंधक," ते म्हणाले.

"मोहोर तर मुंबईची हाय. तवनाप्पाचा हात हिच्या आत गेलाच न्हाय."

"मग बेळगावला गेलेला नमुना वेगळा असणार," फौजदार म्हणाले आणि त्यांनी निंबर्ग्याकडे पाहिलं. निंबर्ग्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

३

बेळगावला जाणारी सर्व्हिस मोटार काकती ओलांडेपर्यंत आण्णासाहेब एकाच गोष्टीचा विचार करत होते. नमुना बदलला असेल तर तो मोटारीत, निंबर्ग्याच्या पेढीवर की तपासणीशाळेत?

टिळकवाडीत एका बैठ्या घरात वामनराव हेरेकरांची तपासणीशाळा होती. हेरेकर परदेशात शिकून आलेले, कोट नीट, बोलणं त्याहून नीट. त्यांनी काही न लपवता कपाट उघडलं.

"प्रत्येक नमुन्यातला अर्धा भाग आम्ही बाटलीत राखून ठेवतो," ते म्हणाले. "ही पाहा. तांबडी लाख निंबर्ग्यांची, काळी माझी. दोन्हींवर आपापल्या मोहोरा. माघ वद्य पंचमीला माझ्यासमोर लावल्या."

लाख अखंड होती. काचेतून भुकटी दिसत होती. पिवळट. आण्णासाहेबांनी वखारीतल्या भुकटीची पुडी खिशातून काढली आणि उघडून बाटलीशेजारी धरली. रंग तोच, कणही तेवढेच.

"हिच्यात काय असावं?" त्यांनी विचारलं.

हेरेकरांनी पुडी नाकाशी नेली. "आमच्याकडे घटक विचारलेच नव्हते, फक्त स्फोट होतो का एवढंच. पण वासावरून गंधक आहे. आणि तणावर मारायचं औषध म्हटलं की क्लोरेट असणार. काडेपेटीच्या गुलात असतं ते." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. "ही दोन एकत्र असतील तर ठोका सोसणार नाहीत."

"पण तुमच्या दाखल्याप्रमाणं तर सोसला."

"कलगोंडांनी पंचवीस ठोके दिले. नोंद आहे. मी नोंदीवरून सही केली." हेरेकरांनी बाटली जपून ठेवली. "मगदूमसाहेब, हा माणूस अठरा वर्षं सैन्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. त्याच्याइतका दक्ष परीक्षक मला मिळणार नाही."

आण्णासाहेबांना आता गोष्ट अवघड वाटू लागली होती. माल बदलला नव्हता. नमुनाही बदलला नव्हता. तरी दाखला खोटा होता.

४

कलगोंडा खोत मागच्या खोलीत होते. पन्नाशीचे, डोक्याला फेटा, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. ते यंत्र पुसत होते. यंत्र तसं साधंच. दोन उभ्या सळया, त्यांच्यामधून खाली येणारं लोखंडी वजन, आणि तळाशी पोलादी कोनाडा. त्यात दोन गोट्यांच्या मधे चिमूटभर भुकटी ठेवायची आणि दोरी सोडायची.

आण्णासाहेब खिडकीशी उभे राहून बाहेर बघत म्हणाले, "हितं किती वर्षं झाली तुम्हाला?"

उत्तर आलं नाही. आण्णासाहेबांना वाटलं, माणूस रागावलाय. ते वळले आणि समोर येऊन त्यांनी विचारलं, "या भुकटीला ठोके किती मारले?"

"खोकं? खोकं एकच आलतं," कलगोंडा म्हणाले. "निंबर्ग्यांनी आणलं. मी सोडून कुणी हात लावला न्हाय."

"आणि एकदाबी उडालं न्हाय?"

कलगोंडांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "एकदाबी न्हाय. मी खोटी नोंद करत न्हाय, साहेब. परत करायला सांगा, आत्ता करून दावतो."

बोलण्यात खोट नव्हती. पण शेजारच्या घरात जयाबाई नावाची बाई पापड लाटून विकत होती, तिने वेगळंच सांगितलं.

"माघातली पंचमी? माझ्या ध्यानात हाय की. उडदाचं पीठ मळलं हुतं. भिंतीपलीकडनं सारखं धप्प, धप्प. ते रोजचंच, त्याची सवय झालीय. पर त्या दिशी मधनंच फाट्दिशी वाजायचं, लवंगी फटाका वाजतो तसं. चार-पाचदा तरी. माझी सून दचकून उठायची."

"नक्की त्याच दिवशी?"

"पापडाचा दिवस मी इसरत न्हाय."

हेरेकरांनी हे ऐकलं आणि ते खुर्चीत बसले. "म्हणजे भुकटी उडाली, आणि कलगोंडांनी उडाली नाही असं लिहिलं."

"त्यांच्या घरी इतक्यात काही खर्चाचं कार्य झालं?" फौजदारांनी विचारलं. तेही मागोमाग बेळगावला आले होते.

"वैशाखात मुलीचं लग्न झालं. थाटात झालं," हेरेकर म्हणाले.

लग्नाचं कर्ज आणि ते फेडायला लाच, फौजदारांना तेवढं पुरेसं होतं. आण्णासाहेबांना नव्हतं. लाच घेतलेला माणूस 'परत करून दावतो' असं आपणहून कशाला म्हणेल? त्यांनी फौजदारांकडून एक दिवस मागून घेतला आणि हेरेकरांकडून नोंदवही मागून घेतली.

व्हरांड्यात बसून त्यांनी ती दुपारभर वाचली. प्रत्येक ठोक्याला एक ओळ आणि ओळीत तीन रकाने: आवाज, धूर, डाग. उडालं की त्या त्या रकान्यात फुली. कलगोंडांचं अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. आण्णासाहेब ओळी वाचेनात, ते रकान्यांवरून वरून खाली बोट फिरवू लागले. तारयंत्रावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट अंगवळणी पडते. यंत्र मधे गप्प राहिलं तर त्या गप्प राहण्याकडेही कान द्यायचा.

चैत्रापर्यंत तिन्ही रकान्यांत फुल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी धूर नाही, डाग नाही, नुसता आवाज. कोनाडा बंद असतो, चिमूटभर द्रव्याचा धूर बाहेर दिसेलच असं नाही. म्हणून आवाजाचाच रकाना सगळ्यांत जास्त भरलेला.

वैशाखानंतर तो कोरा होता. दहा महिने, अठ्ठावीस नमुने, फटाक्याच्या मसाल्यापासून सुरुंगाच्या दारूपर्यंत सगळं. धुराच्या फुल्या होत्या, डागाच्या होत्या. आवाजाची एकही नव्हती.

आण्णासाहेबांनी वही मिटली. खोकं आणि ठोकं. खिडकीशी उभं राहून विचारलेला प्रश्न. त्यांना हुबळीचा एक जुना सहकारी आठवला. शेवटच्या वर्षी तो तारेचा कागद घेऊन सारखा दुसऱ्यांच्या टेबलाशी जायचा, आणि कुणालाच कारण कळलं नव्हतं.

आत जाऊन त्यांनी हेरेकरांना एवढंच विचारलं, "कलगोंडांची मुलगी लग्नाआधी इथं येत होती?"

"ब्राह्मी? रोज यायची, दुपारचा डबा घेऊन. वडिलांजवळ बसून राहायची. का?"

५

ब्राह्मीचं सासर संकेश्वरला. दुसऱ्या दिवशी आण्णासाहेब तिथे उतरले तेव्हा ती सोप्यात तांदूळ निवडत होती. विशीतली, सावळी, नजर थेट. सासूने पाणी दिलं आणि ती आत गेली.

"आक्का, तुझ्या आप्पांना ऐकू येत न्हाय, व्हय का?" आण्णासाहेबांनी विचारलं.

तिचे हात सुपातच थांबले. "कुणी सांगितलं?"

"वहीनं."

तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हळू बोलू लागली. उजवा कान कारखान्यात असतानाच गेला होता. डावा गेल्या चार वर्षांत गेला. ओठ बघून बोलणं कळतं त्यांना. परीक्षकाचा कान गेला म्हणजे काम गेलं, आणि दुसरं काही काम त्यांना येत नाही. म्हणून ती डबा घेऊन जायची आणि समोरच्या स्टुलावर बसायची. वजन पडलं की आप्पा तिच्याकडे बघायचे. आवाज झाला असेल तर ती मांडीवरचं बोट उचलायची.

"माझं लगीन ठरलं तवा मी म्हटलं हुतं, आता हेरेकरसाहेबांना सांगा. आप्पा म्हणाले, हाताला कळतं मला. टेबलावर हात ठिवला की हादरा कळतो." तिने मान खाली घातली. "वजन पडल्याचा हादरा आणि उडाल्याचा हादरा, दोन्ही सारखंच लागतात हाताला. मला ते ठाऊक हुतं. मी गप्प बसले."

"उद्या फौजदारांच्या म्होरं परत ठोके द्यायचे हायत. त्याच बाटलीतल्या भुकटीवर. तू येशील?"

"येऊन काय करू?"

आण्णासाहेब शब्द जुळवून बोलले. "तू बोट उचललंस तर उद्याची नोंद बरोबर होईल. पण मग माघातली त्यांनी जाणूनबुजून खोटी केली असंच ठरंल. लाच खाऊन."

"आणि न्हाय उचललं तर?"

"तर जे हाय ते समद्यांना दिसंल."

तिने सूप बाजूला ठेवलं. "वखारीत भाजला तो माणूस कसा हाय?"

"डोळ्यांचं अजून कळलं न्हाय."

"आणि अशी पोती अजून किती हायत?"

"शंभराच्या वर."

ती उठून सासूला विचारायला आत गेली.

६

मागच्या खोलीत सहा माणसं मावत नव्हती. फौजदार दाराशी, निंबर्गी त्यांच्या मागे, हेरेकर कपाटाजवळ. आण्णासाहेब भिंतीला टेकून उभे. ब्राह्मी आपल्या जुन्या स्टुलावर बसली होती. तिला पाहून कलगोंडांचा चेहरा उजळला होता. मुलगी आली म्हणून, आणि दुसऱ्याही कारणाने.

हेरेकरांनी सगळ्यांसमोर लाख फोडली. कलगोंडांनी चिमूट मोजून घेतली, गोट्यांच्या मधे ठेवली, कोनाडा बंद केला. डावा हात टेबलावर सपाट ठेवला आणि उजव्याने दोरी सोडली.

धप्प. काही नाही. त्यांनी ब्राह्मीकडे पाहिलं, आणि आज रकाना कोरा सोडू नका असं फौजदारांनी बजावलं होतं म्हणून वहीत 'नाही' लिहिलं.

दुसरा, तिसरा. काही नाही.

चौथ्याला खोलीत फाट्कन् आवाज झाला. निंबर्ग्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. फौजदारांचा हात कानाकडे गेला. भिंतीपलीकडे जयाबाईची सून दचकून ओरडली.

कलगोंडा खाली वाकले. कोनाड्याच्या फटीतून धूर आला नव्हता. मग त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं.

ब्राह्मीचे दोन्ही हात मांडीवर होते. बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. ती वडिलांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलले नाहीत.

कलगोंडांनी टाक उचलला आणि चौथ्या ओळीत, पहिल्या रकान्यात टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: नाही.

फौजदार वहीतल्या त्या शब्दाकडे बघत होते. कलगोंडांनी टाक ठेवला, पुढची चिमूट घ्यायला हात नेला आणि थांबले. निंबर्गी डोकं चोळत होता. हेरेकरांनी चष्मा काढला होता. कलगोंडांनी एकेक चेहरा पाहिला आणि शेवटी मुलीचा.

"झाला काय आवाज?" त्यांनी विचारलं.

ब्राह्मीने मान डोलावली.

"मोठा?"

"व्हय आप्पा," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली. "लई मोठा."

कलगोंडांनी वही पुढे ओढली. 'नाही'वर काट मारली. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शेजारी फुली काढली, आणि मग पानं मागे उलटत माघातल्या पंचमीपर्यंत गेले. तिथे काय करावं ते त्यांना सुचेना. बोट त्या पानावर ठेवून ते तसेच उभे राहिले.

७

तवनाप्पा त्याच दिवशी संध्याकाळच्या जेवणाआधी घरी आले. खानापूरला आणि गावोगावी ज्या तारा आणि निरोप गेले त्यांचा मजकूर आण्णासाहेबांनी स्वतः लिहिला. मोगरी लावू नका, पोती ओढू नका, आहेत तिथेच भरपूर पाणी मारा. आकोळमध्ये एका शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच मोगरी हातात घेतली होती. निरोप्या पोचला तेव्हा तो पहिला गड्डा अंगणात आणून ठेवत होता. मुंबईच्या कंपनीने पुढे कबूल केलं की भुकटी जास्त कडक व्हावी म्हणून गंधक त्यांनीच घातलं होतं, आणि बेळगावचा दाखला हातात असल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती.

हेरेकरांनी दहा महिन्यांतले अठ्ठावीसही दाखले परत मागवले. प्रत्येकाखाली सही त्यांची होती. त्या दहा महिन्यांत परीक्षेच्या वेळी ते एकदाही त्या खोलीत बसले नव्हते, हे त्यांनी फौजदारांना आपणहून लिहून दिलं. कलगोंडांवर लाचेचा आळ राहिला नाही. हलगर्जीपणाचा राहिला. त्याचं पुढे काय व्हायचं ते कोर्ट ठरवणार होतं.

त्याआधी कलगोंडांनी एकच गोष्ट मागितली. मष्णूला भेटायचं.

निपाणीच्या दवाखान्यात आण्णासाहेबांनी त्यांना नेलं. बरोबर ब्राह्मी होती. खाटेवर मष्णू बसला होता. डाव्या डोळ्याला उजेड कळतो असं डॉक्टरांनी त्या सकाळीच सांगितलं होतं, उजव्याचं सांगितलं नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्टी, ओठांशी तेवढी एक फट.

"कोन आलंय?" त्याने विचारलं.

बाळाबाईने सांगितलं. लपवून काही ठेवलं नाही. दाखला यांचा, आणि यांना ऐकू येत नाही.

मष्णूने त्यांच्या दिशेने मान वळवली. मग पट्टीच्या आतून काहीतरी बोलला. कलगोंडा पुढे वाकले, पण त्या फटीतून त्यांना त्याचे ओठ नीट दिसत नव्हते. त्यांनी बाळाबाईकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती. मग मुलीकडे पाहिलं.

ब्राह्मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. एक शब्द कमी केला नाही, एक वाढवला नाही.

"त्ये म्हणत्यात, तुमास्नी ऐकू येत न्हाय ह्ये आधी सांगितलं असतं तर कुनीबी शेजारी बसलं असतं की. मीबी बसलो असतो."

कलगोंडांनी तिच्या ओठांकडे पाहून खात्री करून घेतली. पुन्हा म्हण, असं खुणेने सांगितलं. तिने पुन्हा म्हटलं.

"व्हय," कलगोंडा म्हणाले. आपला आवाज किती मोठा निघतो ते त्यांना कळत नव्हतं. पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसून बघू लागली. त्यांनी मष्णूचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तेवढ्याच मोठ्यांदा पुन्हा म्हणाले, "व्हय. बसलं असतं."